उष्टं पाणी

खोलीत सहा खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन एकीवर एक रचून कोपऱ्यात ठेवलेल्या. एक लांब टेबल, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा कागद. काचेच्या दाराचा एक फ्रीज, आत पाण्याच्या सीलबंद बाटल्यांच्या तीन रांगा, एका रांगेत आठ. भिंतीवर दोन फलक. एकावर झाकणाच्या बाटलीचं चित्र, दुसऱ्यावर एका उभ्या माणसाचं. त्याचा सदरा छातीपर्यंत वर, विजार गुडघ्यांपर्यंत खाली, आणि चेहरा काढायचं चित्रकारानं टाळलेलं. दारं दोन: एक बाहेरचं, एक संडासाचं. माणसं चार. टेबलामागे डॉक्टरीणबाई, हातात रबरी मोजे. दारापाशी एक जाडसर गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र. एका खुर्चीवर आजच्या शर्यतीत दुसरा आलेला धावपटू, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पहिला आलेला. ही सगळी मोजदाद या पहिल्या आलेल्यानं आत पाऊल टाकल्या टाकल्या करून टाकली होती. मोजणं हा त्याचा धंदाच होता. अडतिसाव्या वर्षी त्याच्यामागे चौदा वर्षांचं पेसरचं काम होतं, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसऱ्यासाठी वेग धरून पुढे पळायचं काम. समोरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मनगटाकडे न बघता घड्याळासारखं पळायचं, आणि ठरलेला टप्पा आला, बहुतेक वेळा तिसावा किलोमीटर, की उजवीकडे सरकून रस्त्याबाहेर व्हायचं. ज्याच्यासाठी हे सगळं, तो पुढे निघून जातो, टाळ्या घेतो. आणि हा कमरेवर हात ठेवून फुटपाथवर उभा राहतो, कुणीतरी आणून दिलेलं जाकीट अंगात घालतो, आयोजकांच्या गाडीतून मुक्कामी परततो. शर्यतीच्या जगात अशा माणसाला ससा म्हणतात. त्याला तर सगळे इतकी वर्षं ससाच म्हणत आले होते; त्याच्या बायकोच्या भावानंसुद्धा लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आमचे दाजी लोकांना स्टेशनवर सोडून येतात हो, स्वतः कधी गाडीत बसत नाहीत." तेव्हा तो सगळ्यांबरोबर हसला होता.

आज ससा थांबला नव्हता. नियमात ते बसत होतं. पेसरच्याही छातीवर नंबर असतो आणि मनात आलं तर तो शेवटपर्यंत पळू शकतो. कुणाच्या मनात येत नाही, इतकंच. आणि तो नुसता शेवटपर्यंत पळाला नव्हता, ज्याच्यासाठी वेग धरला होता त्यालाच मागे टाकून पहिला आला होता. म्हणून तो या खोलीत होता. पहिल्या आलेल्याची लघवी तपासतात. त्याच्याखेरीज चिठ्ठी टाकून आणखी दोघांना बोलावतात. चिठ्ठीतले दोघं केव्हाच येऊन, आपापल्या बाटल्या भरून, सही करून गेले होते. दुसऱ्या आलेल्याचा नंबर चिठ्ठीत निघाला नव्हता. तरी तो आला होता, सोबत म्हणून. "तुझी पहिलीच वेळ," तो अंतिम रेषेपाशीच म्हणाला होता, "आत एक सोबती नेता येतो. मी येतो. तिथं लोक उगाच गांगरतात." त्याला सगळे उस्ताद म्हणत. वयानं तो सशाहून चार वर्षांनी लहान, पण अशा खोल्यांत चाळीसेक वेळा येऊन गेलेला; जाड्या गृहस्थांनी त्याला बघून ओळखीचं हसू दिलं होतं. आता तो मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता. नाडीची गाठ घामानं घट्ट झाली होती. मान वर न करता, गाठीशी झटापट करता करताच तो म्हणाला, "खरं सांग. काय घेतलंस रे?"

आवाज हसरा होता. पण प्रश्न सशाला बरगड्यांच्या खाली, पळताना जिथं कळ येते तिथं, नेमका लागला. अपमान वाटायला हवा होता, आणि त्याची वाटही त्यानं क्षणभर पाहिली. जिभेवर चव यायची वाट बघावी तशी. आला तो अपमान नव्हता. छातीत काहीतरी रुंद झालं. चौदा वर्षांत त्याच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. विमानतळांवर, हॉटेलांच्या गल्ल्यांमध्ये, मोठ्या धावपटूंच्या दारांवर पहाटे येऊन टकटक करणारे तपासनीस त्याच्या खोलीवरून पुढे जात, कधी कधी त्यालाच विचारत, "अहो, अमुक कुठल्या खोलीत आहेत?" आणि तो बोट दाखवी. संशय घ्यावा इतका तो कुणाचा काही लागतच नव्हता. आता उस्ताद, ज्याच्या पाठीमागून येणाऱ्या श्वासाची लय त्याला बायकोच्या श्वासापेक्षा जास्त ठाऊक होती, तो विचारत होता की तू काय घेतलंस. त्यानं मांडीवर हात टेकले. मांड्या अजून आतल्या आत थरथरत होत्या, यंत्र बंद केल्यावर पत्रा थरथरतो तशा. "तुझ्याच बाटलीतलं घेतलं," तो म्हणाला.

जाडे गृहस्थ मोकळेपणी हसले. बाईंनी कागदावरची नजर उचलून पुन्हा खाली ठेवली. उस्तादही हसला, पण उशिरा. फार नाही, बाकी कुणाला कळलं नसतं. पण अर्ध्या सेकंदाचा उशीर ओळखता येण्यावर ज्याचं पोट चालतं त्याला तो कळला, आणि कळल्याबरोबर सशानं तो बाजूला ठेवून दिला, नंतर बघू म्हणून. उस्ताद उठला, फ्रीजकडे गेला, एक बाटली काढून तिचं झाकण करकन फिरवलं आणि सशाच्या हातात दिली. "पी. भरपूर पी. जितकं पिशील तितका लवकर सुटशील. नाहीतर संध्याकाळपर्यंत बसवतात." ससा प्यायला. पाणी इतकं गार होतं की दातांच्या मुळांशी दुखलं. बाटली संपली तशी उस्तादानं दुसरी उघडली. "पी रे, लाजतोस काय." ससा प्यायला.

बाटलीचं खरं होतं. ते त्या दोघांच्या कामातलं इतकं जुनं होतं की त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. दर पाच किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला टेबल असतं, त्यावर मोठ्या धावपटूंच्या आपापल्या बाटल्या, ओळखू याव्यात म्हणून कुणी रिबन बांधलेली, कुणी रंगीत पट्टी चिकटवलेली. वेगात पळताना बाटली उचलायची म्हणजे पावलाची लय मोडते, कधी बाटली निसटते, कधी धक्का लागतो. म्हणून टेबलाच्या बाजूनं ससा पळायचा, तो उस्तादाची बाटली उचलायचा आणि आडवा हात करून मागे द्यायचा. उस्ताद दोन-तीन घोट घ्यायचा आणि बाटली पुढे परत करायचा. उरलेलं सशाचं. हे कधी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका उन्हाच्या शर्यतीत झालं आणि मग होत राहिलं. नऊ वर्षं तो उस्तादाचं उष्टं पाणी पीत आला होता आणि त्यात काय असतं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. साखर, मीठ, आणखी काहीबाही. उस्तादाचा मसाजवाला ते आदल्या दिवशी कालवायचा. आजही पुलाच्या अलीकडच्या टेबलावर तसंच झालं. फक्त आज उस्तादानं एकच घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि जवळजवळ भरलेली बाटली पुढे दिली. ससा ती संपेपर्यंत प्यायला, कारण गरम होत होतं. चव कशी होती? तो आता आठवू लागला. कडवट होती का? पंचवीस किलोमीटरनंतर जीभ स्वतःच कडवट असते. तिला जे द्याल ते कडवट लागतं. त्याला बाटलीवरची हिरवी पट्टी आठवत होती, प्लास्टिकवरचे बोटांचे ओले ठसे आठवत होते, चव आठवत नव्हती.

आणि मग पूल. याच गावात, याच शर्यतीत तो दरवर्षी पळत आला होता, आणि दरवर्षी पुलाच्या अलीकडे बाहेर झाला होता. अलीकडचं सगळं त्याला पाठ होतं: छपाईचा कारखाना, त्याच्या भिंतीला लावलेल्या सायकली, जिथं रस्त्याला किंचित चढ आहे पण दिसत नाही ती जागा, दवाखान्याच्या खिडकीतून दरवर्षी हात करणारी परिचारिका. पुलापलीकडे काय आहे हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. टीव्हीवरही नाही, कारण शर्यत टीव्हीवर दाखवत तेव्हा तो गाडीत असे. त्याची मुलगी लहान होती तेव्हा तिनं एकदा त्याला विचारलं होतं, "बाबा, तुम्ही पुढे असता आणि मग नसताच. तुम्ही कुठे जाता?" त्यानं सांगितलं होतं, "मी बाजूला होतो." तिनं बराच विचार करून विचारलं होतं, "कुणी सांगतं का, बाजूला हो म्हणून?" आज तिसाव्या किलोमीटरची पाटी आली. पाटीशेजारी पिवळ्या जाकिटातला माणूस उभा होता, हातात सशासाठी घडी घातलेलं जाकीट. उजवा पाय बाजूला पडायला हवा होता. सशानं त्याची वाट पाहिली. अगदी स्वच्छ आठवत होतं त्याला: राग नव्हता, जिद्द नव्हती, काही दाखवून द्यायचं नव्हतं. श्वास चार पावलांना आत आणि चार पावलांना बाहेर चालला होता, आणि पाय सरळ पडला. मग दुसराही सरळ पडला. जाकीटवाल्याचं तोंड उघडं राहिलेलं दिसलं आणि मागे गेलं. पुलावर वारा होता. पुलापलीकडे एक लांबलचक शाळा होती, मग मोठमोठ्या झाडांचा रस्ता, मग एका दुकानाबाहेर ओळीनं मांडलेले आरसे, आणि त्या प्रत्येकात एक हडकुळा माणूस पळत गेला. त्याला ते सगळं फार आवडलं. जो रस्ता आपला म्हणून तो इतकी वर्षं सांगत होता, त्याचा शेवट असा आहे तर! मागून उस्तादाचा श्वास येत होता. सदतिसाव्या किलोमीटरला तो श्वास तुटला. सशानं तो तुटताना ऐकला, भांड्याला तडा गेल्यासारखा. आणि मग मागे कुणी नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. बायको होती. ती दिवसभर धुलाईच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते. मागे वाफेचा फुस्स आवाज येत होता. "अहो, तुम्ही थांबलाच नाहीत!" ती ओरडली. "मी म्हटलं, आता हे बाजूला होतील, आता होतील. आमच्या शेठनी गिऱ्हाइकाचा कोट जाळला बघता बघता."

"कुणाचा?"

"कुणाचा का असेना! तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो."

वाफेचा आवाज दोनदा आला. "टीव्हीवर तो बोलणारा म्हणत होता, या वयात असं होत नाही म्हणे. चौकशी होईल म्हणे. हसत म्हणत होता, पण म्हणत होता. शेजारच्या दुकानातली पण आली विचारायला, तुझे मिस्टर काही घेतात का."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घेतात की. झोपताना गुडघ्याला तेल घेतात, अर्धं पलंगाला लावतात." ती हसली आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "अहो, काही नाही ना?"

"नाही."

"मला माहितीय. मी नुसतं विचारलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की 'नाही' म्हणताना त्याला पुलाअलीकडची बाटली आठवली होती, आणि तिची चव अजूनही आठवत नव्हती. उस्तादानं तिसरी बाटली उघडून पुढे केली. त्यानं ती घेतली. नऊ वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे झाला.

पहिल्यांदा आत जायची वेळ आली तेव्हा पोट ढोलासारखं झालं होतं. जाडे गृहस्थ त्याच्याबरोबर संडासात आले, कारण नियम असा की साक्षीदारानं डोळ्यांनी पाहायचं. सदरा छातीपर्यंत, विजार गुडघ्यांपर्यंत, बाह्या कोपरापर्यंत. फलकावरच्या बिनचेहऱ्याच्या माणसासारखा ससा उभा राहिला, आणि तितकं पाणी पिऊनही काही होईना. गृहस्थ भिंतीला पाठ टेकवून अदबीनं उभे होते. "घाई नाही," ते म्हणाले. "मी बँकेत असतो एरवी. हे आपलं सुट्टीच्या दिवशी. बायकोला अजून सांगितलेलं नाही, नेमकं काय काम करतो ते. तिला वाटतं मी बक्षीस समारंभात असतो." ससा हसला, आणि हसण्यानं अंग सैल झालं. भांड्यात जे पडलं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. खुणेच्या बरंच वर गेलं. तो भांडं दोन्ही हातांनी धरून बाहेर आला, अगदी नीट, जसं काही त्यात मासा असावा.

बाईंनी एक नळीसारखं यंत्र उचललं, त्याच्या टोकाच्या काचेवर एक थेंब सोडला, झाकणी मिटली आणि खिडकीकडे धरून एका डोळ्यानं पाहिलं. मग काच पुसून पुन्हा तेच केलं. "चालणार नाही," त्या म्हणाल्या. "फार पातळ आहे. बघा हवं तर." सशानं डोळा लावला. आत एक वाटोळं होतं, वर निळं, खाली पांढरं, मधे एक रेघ आणि शेजारी आकडे. रेघ १.००२ वर होती. "उजेड पाण्यातून जाताना वाकतो," बाई म्हणाल्या, त्यांना समजावून सांगायला आवडत असावं, "आणि पाण्यात काही विरघळलेलं असलं की जास्त वाकतो. इथं वाकायला काही नाहीच. निदान १.००५ यायला हवं, नाहीतर प्रयोगशाळेला नुसत्या पाण्यात काय सापडणार? आता पाणी पिऊ नका. बसा. दाट होईपर्यंत थांबावं लागेल." सशानं मान हलवली. उस्ताद तेव्हा दाराबाहेर पत्रकारांना काहीतरी सांगत होता; त्याचा भरदार आवाज दारातून येत होता. जाड्या गृहस्थांनी रिकाम्या बाटल्या उचलून टोपलीत टाकल्या आणि सहज म्हणाले, "साहेब इतक्या वेळा आलेत इथं. जास्त पाणी प्यायलं की नमुना बाद होतो, हे त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

ससा खुर्चीवर बसला. मघाशी बाजूला ठेवलेला तो अर्ध्या सेकंदाचा उशीर आता समोर येऊन बसला. त्यानं तो आधी नीट तपासायचं ठरवलं. उस्ताद विसरला असेल. माणूस दमला की विसरतो. पण उस्ताद तर जास्त पिऊ नका म्हणून सांगणारा होता, दरवर्षी हॉटेलात नव्या पोरांना हेच शिकवायचा, बेसिनपाशी उभा राहून. ससा तेव्हा शेजारीच दाढी करत असायचा, पण ते आपल्याला कधी लागणार नाही म्हणून त्यानं ऐकलं नव्हतं. आत्ता मात्र उस्तादाचे शब्द जसेच्या तसे आले: एक बाटली, फार तर दीड. मग आज त्याला मला इथं अडकवून बाहेर मोकळेपणी बोलायचं असेल. हरलेल्या माणसाला तेवढं हवं असू शकतं. किंवा त्या बाटलीत काहीतरी होतं, आणि चिठ्ठीत उस्तादाचा नंबर निघालेला नाही, तेव्हा ते काहीतरी आज जगात फक्त एका ठिकाणी आहे: माझ्या पोटात. पण मग तोंड वाकडं का केलं त्यानं? आणि ज्याला लपवायचं आहे तो मला उष्टं देईल कसा? सवयीनं. सवयीनं माणूस काहीही देतो आणि काहीही पितो. हाच उस्ताद सशाला मुलगी झाली तेव्हा प्रसूतिगृहात सर्वांत आधी पोहोचला होता, घामट कपड्यांनिशी, आणि परिचारिकेनं त्यालाच बाप समजून त्याच्या हातात मूल ठेवलं होतं. हाच उस्ताद सशाच्या वडिलांना खांदा द्यायला आला होता. सशानं सगळं उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूनं पाहिलं की माणूस चोर दिसत होता, दुसऱ्या बाजूनं पाहिलं की दमलेला मित्र, आणि मधली रेघ कुठेच दिसत नव्हती. मग दुसराच विचार आला. पाय सरळ पडला तो कुणामुळे? ते झाडांचे रस्ते, ते आरसे, तो वारा, ते सगळं त्या हिरव्या पट्टीच्या बाटलीनं दाखवलं असेल तर? तसं असेल तर आज जिंकलं ते एक औषध, आणि तो तेव्हाही पेसरच होता, औषधाचा.

"मॅडम," तो म्हणाला, "मघाशी ते बाटलीचं बोललो ना, ती चेष्टा नव्हती. मी दुसऱ्याच्या बाटलीतलं प्यायलो. लिहून घ्या."

बाईंनी चष्मा सारखा केला. "काय होतं त्यात?"

"माहीत नाही."

"कुणाची होती?"

दारातून उस्तादाचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं. ससा फ्रीजच्या काचेकडे बघत राहिला. "टेबलावरची," तो म्हणाला.

बाईंनी तसंच लिहिलं. लिहिता लिहिता, रोज शंभरदा म्हणत असल्यासारखं, सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "कुणाची का असेना, आत गेलं की ते तुमचं. उद्या काही सापडलं तर मला माहीत नव्हतं, अमक्यानं दिलं, असं चालत नाही. शरीर तुमचं, जबाबदारी तुमची. कळलं ना?" गृहस्थांनी सहानुभूतीनं सुस्कारा टाकला. पण सशानं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, आणि पुन्हा एकदा. चौदा वर्षं त्याचं शरीर करारावर दुसऱ्याचं होतं. किती वेगानं, कुठपर्यंत, कुठल्या बाजूनं, वारा कुणाच्या वाट्याचा, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. बुटांच्या दुकानात तो उरलेल्या दिवसांत गुडघ्यांवर बसून लोकांचे पाय मोजायचा, आणि मनातल्या मनात प्रत्येक पावलाला सांगायचा, हा जड पडतो, हा बाहेरून झिजवतो. स्वतःच्या पावलांबद्दल असं काही म्हणायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि आज सरकारी छापाची टोपी घातलेली एक अनोळखी बाई धमकीच्या सुरात त्याला सांगत होती की ते तुझं आहे. आतलं पाणीसुद्धा. त्यात विष असलं तर तेसुद्धा. पाठ आपोआप ताठ झाली. त्याला वाटलं, उठून उभं राहावं आणि हो म्हणावं, मोठ्यानं. तो बसल्या बसल्याच म्हणाला, "कळलं."

उस्ताद आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा त्यानं धुतला होता. "झालं?" त्यानं विचारलं. गृहस्थांनी हातानंच सांगितलं, नाही. उस्तादानं सशाकडे पाहिलं, मग टोपलीतल्या बाटल्यांकडे. फ्रीज उघडून त्यानं एक नवी काढली आणि झाकण फिरवून पुढे धरली. "घे."

"नको."

"अरे, घसा कोरडा पडलाय तुझा. बोलताना चिकटतंय."

"चिकटू दे."

उस्ताद तसाच उभा राहिला, हात पुढे केलेला. टेबलाशी पळत असताना ससा जसा हात मागे करून धरायचा, तसा. "तुला काय वाटतंय," तो हळू म्हणाला, "मी मुद्दाम—"

"मला काही वाटत नाही. मला पाणी नकोय."

"नऊ वर्षांत तू मला कधी नको म्हणाला नाहीस."

"तू विचारलं कुठे होतंस?"

बाईंनी मान वर केली नाही. उस्तादानं बाटलीकडे पाहिलं, आणि मग ती स्वतःच तोंडाला लावून बरीचशी संपवली. ओठ पुसून तो म्हणाला, "सदतिसाव्याला मी तुला हाक मारली होती. ऐकू आली?"

"नाही."

"थांब म्हणालो होतो."

उस्तादाच्या हनुवटीवरून पाण्याचा एक ओघळ खाली आला आणि बनियनवर पडला. "ऐकू आली असती तरी," ससा म्हणाला, "माहीत नाही." उस्तादानं मान हलवली, मान्य केल्यासारखी, बूट काखोटीला मारले आणि अनवाणीच गेला. फरशीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटले. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता. सशानं ते पाहिलं, आणि त्याचं वाईट वाटलं, आणि तरीही आतलं ते रुंद झालेलं काही पुन्हा अरुंद झालं नाही.

मग नुसतं थांबणं राहिलं. फ्रीज मधेच घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. काचेमागच्या बाटल्यांवर बारीक थेंब जमले होते, एकमेकांत मिसळून खाली येत होते; सशाला जीभ टाळूला चिकटलेली जाणवत होती आणि तो त्या थेंबांकडे पाहत राहिला, तोंड फिरवून घ्यावं असं त्याला वाटलं नाही. मधे एकदा तो आत गेला. बाईंनी पाहून नुसती मान हलवली. १.००४. "जवळ आलंय," गृहस्थ म्हणाले. "मागच्या वर्षी एक सायकलवाला होता, त्यानं वैतागून भांडंच फेकलं."

"मग?"

"मग काय, आम्ही पुसलं."

ओठांच्या कोपऱ्यात मिठाची पांढरी कड आली होती. ती तो जिभेनं चाचपून पाहत होता. शरीर आपलं काम करत होतं. आत कुठेतरी पाणी वेगळं काढलं जात होतं, रक्ताकडे परत पाठवलं जात होतं, आणि उरलेलं दाट होत होतं. त्यात आजचे सगळे किलोमीटर होते, पुलाअलीकडचे आणि पलीकडचे, उस्तादाचा एक घोट वगळून उरलेली बाटली होती, पहाटेची भाकरी होती, झाडांच्या रस्त्यावरची हवासुद्धा असेल. त्यात आणखी काय आहे हे प्रयोगशाळा सांगेल. सांगो. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीसकट तो तिथं ताठ बसला होता. पातळ करून, अर्धंमुर्धं, सुटण्यापुरतं काही द्यायचं नव्हतं त्याला. द्यायचं तर पूर्ण. खिडकीतून शेवटचे शर्यतकरी येताना दिसत होते, पाय ओढत, एकमेकांना धरून, आणि रेषेशी लोक अजून टाळ्या वाजवत होते. बाईंनी घड्याळाकडे पाहून विचारलं, "अजून दम धरवतो ना? माणूस आजारी पडेपर्यंत आम्ही ताणत नाही." तो म्हणाला, "तुम्हाला उशीर होत नसेल तर थांबू या." बाई पहिल्यांदाच हसल्या.

ऊन भिंतीवरून सरकून टेबलाच्या पांढऱ्या कागदावर आलं तेव्हा तो उठला. गृहस्थ न सांगता मागे आले. या वेळी सदरा वर धरताना त्याचा हात अडखळला नाही. रंग गडद पिवळा होता, आणि वास उग्र. भांडं त्यानं टेबलावर ठेवलं. तीन सीलबंद पेट्यांतली एक त्यानं स्वतः निवडली, सील स्वतः तोडलं, आणि बाईंनी सांगितलं तसं एका बाटलीत आणि मग दुसऱ्या बाटलीत स्वतःच्या हातानं ओतलं. थेंबही सांडला नाही. झाकणं वळवली, त्यांचे दात एकामागून एक बसल्याचा कटकट आवाज आला आणि थांबला. तळाशी उरलेल्यातला एक थेंब बाईंनी काचेवर सोडला, झाकणी मिटली, खिडकीकडे धरून पाहिलं, काच पुसली, दुसरा थेंब सोडून पुन्हा पाहिलं. मग यंत्र त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

त्यानं डोळा लावला. वर निळं, खाली पांढरं. रेघ १.०१८ वर होती.